तक्त्यावरची तिसरी ओळ

विहाराचा पांढरा शर्ट इतर कुठेही घालायचा नाही, असा गिरिजाबाईंचा नियम होता. तो फक्त रविवारच्या बुद्धवंदनेसाठी. म्हणूनच बायको शेजारी गेल्याची खात्री करून देवानंद सरांनी तो कपाटातून हळूच काढला.

कारण तसंच होतं. सर जाफराबादला एकोणतीस वर्षं विज्ञान शिकवत होते आणि तालुक्याच्या शैक्षणिक साहित्य स्पर्धेत गेली चार वर्षं ओळीने दुसरे येत होते. येत्या मे महिन्यात ते निवृत्त होणार, म्हणजे पहिला नंबर काढायचा तर आजच. साहित्य तयार होतं: आम्ल आणि आम्लारी ओळखायला जास्वंद, हळदीचे कागद, पिशवीत दोन लिंबं आणि सुवाच्य अक्षरातला एक तक्ता.

निघण्याआधी दोन घास खावेत म्हणून ते बसले आणि वरणाचा एक थेंब खिशावर पडला.

गिरिजाबाई यायच्या आत डाग घालवणं भाग होतं. सर शर्ट अंगातच ठेवून मोरीत गेले आणि कालच आणलेली साबणाची नवी वडी त्यांनी डागावर घासली. डाग लाल झाला. त्यांनी आणखी घासली, तर तो आणखी लाल झाला. खळबळून काढायला वेळ नव्हता. हरभऱ्याएवढा डाग पुरीएवढा झाला तेव्हा सर थांबले आणि शांतपणे निष्कर्षाला आले की साबणात भेसळ आहे.

वडी घेऊन ते थेट रामेश्वरशेठच्या दुकानात गेले. दुकानात पाच-सहा गिऱ्हाईकं होती.

"शेठ, काय विकून राह्यले तुम्ही? ह्यात लाल रंग घातलेला हाय."

"सर, ही वडी आमच्या घरी बी वापरतो. बिलकुल असली माल हाय," रामेश्वरशेठ म्हणाले.

"मंग हे काय?" सरांनी छाती पुढे केली.

गल्ल्यावर बसलेल्या शेठच्या पत्नी प्रेमबाई चष्मा सावरून बघू लागल्या. "सर, वरण सांडलं का?"

"वहिनी, हा रसायनाचा विषय हाय. तुम्ही मधात पडू नका."

सर वडी गल्ल्यावर आपटून निघाले. दोन गिऱ्हाइकांनी घेतलेला साबण परत ठेवला.

स्पर्धेच्या हॉलमध्ये सरांनी तक्ता लावला आणि छातीवर वही धरून उभे राहिले. परीक्षक मॅडम आल्या. लिंबू पिळायला दोन्ही हात लागतात, त्यामुळे वही खाली ठेवावी लागली.

"सर, शर्टाला काय झालं?"

"भेसळीचा साबण, मॅडम. वरणाचा डाग धुवायला गेलो, तर लाल झाला. व्यापारी लोक काय काय मिसळतात, काही सांगता येत नाही."

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं, मग तक्त्याकडे. तिसरी ओळ त्यांनी मोठ्याने वाचली. "हळदीचा पिवळा रंग साबणाच्या पाण्यात लाल होतो."

ही ओळ सरांनी जवळजवळ तीन हजार मुलांकडून पाठ करून घेतली होती. पण ती कागदाच्या पट्टीवरची हळद होती. वरणातली हळद तीच, हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काही सुचेना, म्हणून त्यांनी हातातलं लिंबू आपल्याच छातीवर पिळलं.

लाल डाग सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पिवळा झाला. मागच्या रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली.

"अंगावर प्रयोग करणारा शिक्षक मी पहिल्यांदा पाहिला," मॅडम म्हणाल्या. "भेसळीचं नाटकही छान वठवलंत. पहिला नंबर. परवा जालन्याला जिल्ह्यासमोर अगदी हेच करायचं."

घरी गिरिजाबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी शर्ट उतरवून घेतला, नुसत्या पाण्यात खळबळला आणि उन्हात टाकला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोरीवर शर्ट स्वच्छ पांढरा होता.

"गिरिजा, डाग कुठं गेला?"

"उन्हानं गेला. हळद उन्हात टिकत असती का? इतके वर्षं शिकवून राह्यले, एवढं बी ठाऊक न्हाई?"

"बरं, थोडं वरण हाय का?"

गिरिजाबाईंनी नवऱ्याकडे नीट पाहून घेतलं. "वरण हाय. पण विहाराचा शर्ट न्हाई मिळायचा. बनियनवर सांडा."

ते सरांना मान्य होतं. अडचण दुसरीच होती. घरात साबण नव्हता, आणि जिल्ह्यासमोर ऐन वेळी फसायला नको म्हणून वडीही तीच हवी होती. अंधार पडेपर्यंत ते दुकानासमोरून तीन वेळा गेले. चौथ्या वेळी आत शिरले आणि खाली मान घालून म्हणाले, "एक साबणाची वडी द्या."

प्रेमबाईंनी चष्मा सावरला.

"कोणती देऊ, सर? भेसळीची का बिनभेसळीची?"