पाच थोर कृष्णवर्णीय आणि एक अस्मी

थोर माणसांचा गौरव करणं तसं सोपं असतं, कारण ती आपल्या शेजारी फ्लॅट मागायला येत नाहीत. आखातातल्या अल कुसैसच्या स्नेहदीप मराठी मंडळाने हे ओळखलं होतं, म्हणूनच कॉलेजात जाणारी दिया बैठकीत उठून म्हणाली, "अंकल, धिस इयर लेट्स डू ब्लॅक पायोनिअर्स," तेव्हा ठराव एकमताने मंजूर झाला. मंडळाच्या शंभर टक्के सभासदांचा वर्णभेदाला विरोध आहे. (त्यांतल्या ऐंशी टक्क्यांना गोरी सून हवी आहे, पण तो विषय विवाह समितीकडे येतो.)

सांस्कृतिक चिटणीस उपेंद्र टिपणीस कामाला लागले. एसी बसवणाऱ्या कंपनीत मॅनेजर असलेला हा माणूस कुठलंही काम थंड डोक्याने करत असे. मुलांनी रंगमंचावर साकारायच्या पाच व्यक्ती त्यांनी निवडल्या. अमेरिकेत कुणी शिकवेना म्हणून फ्रान्सला जाऊन विमान उडवायला शिकलेली बेसी कोलमन. अंतराळात गेलेली मे जेमिसन. केनियात झाडं लावून नोबेल मिळवणाऱ्या वांगारी माथाई. थांबा आणि जा यांच्यामध्ये तिसरा इशारा असलेल्या सिग्नलचं पेटंट घेणारा गॅरेट मॉर्गन. (शारजाच्या रस्त्यावर सिग्नल बनवणाऱ्याची रोज आठवण निघते, पण वेगळ्या शब्दांत.) आणि मलिक अंबर: आफ्रिकेतल्या अ‍ॅबिसिनियातून गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा वजीर झालेला, मराठवाड्यात खडकी शहर वसवून तिथे नहरीने पाणी आणणारा.

"म्हणजे हा आपल्याकडचा?" खजिनदार बापूंनी दचकून विचारलं.

"आपल्याकडचाच."

"मग त्याला शेवटी ठेवा. एकदम धक्का नको."

चेहरे रंगवायचे नाहीत, हे दियाने आधीच बजावलं होतं. ते अपमानास्पद आहे, असं तिचं म्हणणं. सगळ्या आयांना ते तत्काळ पटलं, कारण तो रंग पूर्ण निघतो का, याची हमी कुणी देत नव्हतं. तरीही पालकांचे फोन सुरू झाले. रोनितला परीक्षा निघाली. मिहिकाच्या आईने अंतराळवीर चालेल म्हटलं, पण हेल्मेटची काच बंद ठेवण्याच्या अटीवर. आरवची आई स्पष्ट बोलली. "भावजी, फोटो फेसबुकवर जातात. गावी सासूबाई बघतात." शेवटी सगळ्यांनी, अतिशय प्रेमाने, एकच नाव सुचवलं. "तुमची अस्मी आहे ना! तिला शोभेल."

टिपणीसांचा आपल्या मुलीवर फार जीव. म्हणून तर त्यांच्या पत्नी हेमावहिनी तिला दर शुक्रवारी बेसन आणि साय लावत, आणि उन्हात जाऊ नकोस म्हणून बजावत. (या देशात ऊन टाळायचं तर मे ते सप्टेंबर पृथ्वी सोडावी लागते.) मंडळाच्या नाटकांत अस्मीला नेहमी निवेदन मिळे, तेही पडद्यामागून. आवाज छान, असं टिपणीस सगळ्यांना सांगत. आता बारा वर्षांच्या त्या मुलीला एकदम पाच भूमिका मिळाल्या. ती नाचलीच. बापाने मात्र वहीत पाचही नावांपुढे 'अस्मी' असं लिहिलं आणि वही लगेच मिटली.

प्रमुख पाहुण्या म्हणून टिपणीसांच्याच इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या डॉ. हाफिजा यांना बोलावलं. त्या सुदानच्या, लहान मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं करणाऱ्या. टिपणीसांनी त्यांना दोन वर्षांपूर्वी लिफ्टमध्ये हिंदीत विचारलं होतं, कुणाच्या घरी काम करता. त्या विसरल्या असतील, असा मंडळाचा अंदाज होता.

कार्यक्रम रंगला. अस्मीने गॉगल लावून विमान उडवलं, अंतराळ गाठलं, झाडं लावली, वाहतूक थांबवली. शेवटी मलिक अंबर होऊन ती म्हणाली, "माझ्या नहरीचं पाणी सगळे प्यायले. पिताना कुणी माझा चेहरा विचारला नाही." टाळ्या पडल्या. संहिता संपली होती, पण अस्मी हलली नाही.

"बाबा, इतकी वर्षं मी पडद्यामागे का होते?"

टिपणीस माइक बंद करायला धावले. पहिल्या रांगेतून डॉ. हाफिजांचा आवाज आला. "लेट हर फिनिश, हबीबी. मला लिफ्टमध्ये विचारलंत, तेव्हा माझं उत्तरही ऐकायला थांबला नव्हतात." हे त्या इंग्रजीत बोलल्या, तरी सगळ्या सभागृहाला मराठीत समजलं.

"तुझा आवाज छान आहे म्हणून," टिपणीस पुटपुटले.

"आवाज आजही तोच आहे, बाबा."

एसीच्या धंद्यात वीस वर्षं काढलेल्या माणसाला भर सभागृहात घाम फुटला. ते मान खाली घालून म्हणाले, "चुकलं माझं." एवढं एकच वाक्य मंडळाच्या व्यासपीठावरून आजवर कुणी उच्चारलेलं नव्हतं, त्यामुळे टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणाला कळेना.

शुक्रवारी वहिनी वाटी घेऊन आल्या, तेव्हा अस्मी म्हणाली, "आई, खलास." टिपणीसांनी बायकोच्या हातातून वाटी घेतली, त्या बेसनात कांदा चिरून घातला आणि भजी तळली. चार भजी झाकून ते स्वतः चौथ्या मजल्यावर देऊन आले. डॉ. हाफिजांनी दार उघडलं, भजी घेतली आणि त्यांना आत बोलावलं नाही. हे योग्यच झालं, असं टिपणीसांना जिना उतरताना वाटलं.

ही हकिकत आम्ही पुष्कळांना सांगितली. सगळ्यांना आवडली, काहींचे डोळेही पाणावले. मग प्रत्येकाने आवाज खाली आणून विचारलं, "पण मुलगी नक्की किती सावळी आहे हो?" तुमच्याही डोळ्यांसमोर एव्हाना तिचा एक रंग आला असेल. तो कुठून आणलात, ते तुम्हालाच ठाऊक. आम्ही तर तो कुठेच सांगितलेला नाही.