आप्पांचं काफी टेबल

आमचे शेजारी आप्पा कुणाच्याही घरी गेले की माणसांच्या आधी टेबलाची चौकशी करतात. 'या, बसा' म्हणेपर्यंत त्यांचा एक गुडघा फरशीवर टेकलेला असतो. मान वाकडी करून ते टीपॉयच्या पोटात बघत असतात आणि यजमान नमस्काराला जोडलेले हात घेऊन तसेच उभे राहतात. मग खालून बोटाने दोनदा टकटक ऐकू येतं आणि निकाल लागतो.

"चाळीस."

आप्पा मार्क देतात. साताऱ्याच्या एका शाळेत त्यांनी उभी हयात सुतारकाम शिकवण्यात घालवली. मी तिथेच मराठी शिकवायचो, म्हणून त्यांच्या लेखी मी अजून 'मास्तर'. नोकरी संपून आम्हा दोघांना बरीच वर्षं झाली. माझी पेपर तपासायची सवय सुटली, त्यांची सुटली नाही. पस्तीसला पास. साठाच्या वर त्यांनी कुणाला दिलेले मला आठवत नाहीत. "वरनं पालिश, खालनं बोंब," हे त्यांचं जगाबद्दलचं एकंदर मत आहे.

माझ्या भाचीसाठी सांगलीचं स्थळ आलं, तेव्हा मुलाचं घर बघायला आप्पांना नेण्याची चूक मीच केली. पांढऱ्या मिशांचं एक वडीलधारं माणूस सोबत असावं, एवढाच हेतू. पोह्यांच्या बशा आल्या आणि आप्पा खुर्चीवरून नाहीसे झाले. मुलाच्या आईला वाटलं, म्हाताऱ्याला भोवळ आली. कुणी पाणी आणायला धावलं, कुणी हुंगवायला कांदा फोडला. तेवढ्यात टीपॉयखालून आवाज आला.

"तीस. नापास. आवं, खिळं मारल्यात की सांध्याला!"

लग्न जमलं, ही त्या मंडळींची कृपा. टीपॉय मात्र दोन वर्षांत बसला, हे आप्पा मला दर दिवाळीला ऐकवतात.

प्लायवूडला ते 'भुशाची भाकरी' म्हणतात. लाकडावर कुणी गरम कप टेकवला तर स्वतःच्या अंगाला चटका बसल्यासारखे ओरडतात. त्यांच्या घरी चहा घ्यायचा म्हणजे कपाखाली बशी, बशीखाली वर्तमानपत्र, आणि तरी आप्पांची नजर कपावरच. त्यामुळे चहाची चव अशी कधी लागतच नाही.

वर्गात त्यांचा एक नियम होता. शिसवाचा काळा तुकडा एका हातात आणि कुठलातरी पांढरा, पिवळा तुकडा दुसऱ्या हातात धरून ते पोरांना सांगत, "ध्यानात ठेवा. ह्ये एका जातीचं लाकूड, ह्ये दुसऱ्या. एक पावसाळ्यात फुगतंय, दुसरं तेवढं फुगत न्हाई. दोन जातीचं लाकूड एका चौकटीत टिकत न्हाई." सुतारकामात लाकडाला जात असते, त्यात वावगं काही नाही. हा नियम त्यांनी वर्गाबाहेर एकदाच वापरला आणि तिथेच सगळं बिघडलं.

आप्पांना एकच मुलगी, वैशाली. लहानपणी ती शाळा सुटली की वर्कशॉपात येऊन बसायची. आप्पा लाकडावर दोरीने रेघ मारायचे तेव्हा दोरीचं दुसरं टोक तिच्या हातात असायचं. टेबलाखाली बघायला तिलाही त्यांनीच शिकवलं. तिच्या पहिल्या भाकरीलासुद्धा त्यांनी उलटी करून मार्क दिले होते. मोठी झाल्यावर ती महाबळेश्वरच्या एका हॉटेलात हिशेबनीस म्हणून लागली आणि तिथल्या शिवानंद नावाच्या मुलाला घेऊन एक दिवस घरी आली. मुलगा बेळगावकडचा, घरात कानडी बोलणारा, स्वभावाने गरीब. चहा पुढे केला तर म्हणाला, "मी कॉफी घेतो, पण असू द्या, पाणी चालेल."

आप्पांनी त्याला नीट पाहिलंही नाही. जात विचारली आणि दारात उभं राहून मुलीला तेच वर्गातलं वाक्य ऐकवलं. "दोन जातीचं लाकूड एका चौकटीत टिकत न्हाई."

वैशाली म्हणाली, "आप्पा, आमी लाकूड न्हाई." आणि गेली.

तिचं लग्न रजिस्टर झालं. आप्पा गेले नाहीत. पुढे आप्पांची बायको वारली तेव्हा वैशाली आली, तेरा दिवस राहिली, सगळं रीतसर केलं आणि बापाशी एक शब्द न बोलता परत गेली. त्यांनीही तिला परत बोलावलं नाही. मी मध्ये पडायला हवं होतं. पडलो नाही, याची मला अजून लाज वाटते.

त्या वर्षापासून आप्पांना एक नवीन खोड लागली. पावसाळा आला की सकाळी माझ्या अंगणात येऊन ते विचारायचे, "मास्तर, म्हाबळेश्वरात किती?" माझ्याकडे वर्तमानपत्र यायचं, त्यात पावसाचे आकडे असायचे. साताऱ्याचा आकडा त्यांना नको असायचा. महाबळेश्वरचा ऐकला की "लय झाला" किंवा "बरा हाय" म्हणून निघून जायचे. म्हाताऱ्याला धरणाची काळजी असेल, असं मी समजत होतो. एवढी साधी गोष्ट कळायला मला दोन पावसाळे लागले.

आप्पांच्या दाराआड शिसवाच्या फळ्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. वैशाली जन्मली तेव्हा तिच्या लग्नातल्या पलंगासाठी त्यांनी आणून ठेवलेल्या. गेल्या उन्हाळ्याच्या आदल्या उन्हाळ्यात एका सकाळी त्या अंगणात आडव्या पडलेल्या दिसल्या आणि आप्पा त्यावर रंधा मारत होते. शेजारी दुसरी एक फळी होती, पिवळीधमक.

"हे कसलं लाकूड?" मी विचारलं.

"हळदू."

"आणि करताय काय? टीपॉय?"

आप्पांनी रंधा थांबवला. "टीपॉय न्हवं. काफी टेबल हाय ते."

मला हसू आवरेना. जन्मात कॉफीचा घोट न घेतलेला माणूस! सगळा सातारा ज्याला टीपॉय म्हणतो त्याला आप्पा काफी टेबल म्हणू लागले, आणि कुणी टीपॉय म्हटलं की चिडायचे. मी त्यांना गल्लीत 'काफीवाले आप्पा' म्हणून चिडवत सुटलो. माझ्या डोक्यात उजेड पडायला नेहमीच वेळ लागतो.

टेबल देखणं झालं. चारी बाजूंनी काळ्या शिसवाची चौकट आणि मधोमध हळदूची पिवळी फळी. खिळा एक नाही, फळी चौकटीत डिंकाने चहूबाजूंनी पक्की बसवलेली. आप्पा त्याच्यावरून तळवा फिरवत होते आणि मी मुद्दाम गुडघा टेकून खाली बघितलं. "साठ," मी म्हटलं. पहिल्यांदाच ते लाजलेले दिसले.

आषाढात भर दुपारी त्यांच्या घरातून फटकन आवाज आला. मी धावलो. टेबलाचा एक कोपरा उकलला होता. पावसाळी हवेत हळदूची फळी फुगली होती आणि तिने शिसवाची चौकट फोडून काढली होती. आप्पा समोर मांडी घालून बसले होते. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी पिवळ्या फळीवर मोठं शून्य लिहिलं.

आणि मी, जिभेला हाड नसलेला माणूस, म्हणालो, "आप्पा, नियम तुमचाच. दोन जातीचं लाकूड..."

"गप बसा मास्तर." मग ते उकललेल्या फटीत नख घालून बघत राहिले. शेवटी म्हणाले, "लाकडाची चूक न्हाई. मी चारी बाजूनं डिंक लावला. जखडून टाकलं. हलाय जागाच ठिवली न्हाई. नियम पोरांना सांगत ऱ्हायलो, पन जागा ठिवली तर टिकतंय का, ह्ये कवा करून बघितलंच न्हाई." त्यांनी पेन्सिल परत कानावर ठेवली. "वैशीला द्यायचं व्हतं."

"मग हळदूच का?" मी हळूच विचारलं.

"हळद ऱ्हायली न्हवं तिची. माझ्या हातची."

गल्लीत 'काफीवाले आप्पा' म्हणून चिडवणारा मीच होतो. कॉफी कोण पितं, ते मला तेव्हा आठवलं.

थंडीत त्यांनी टेबल पुन्हा केलं. या वेळी शिसवाच्या चौकटीला आतून खाच पाडली आणि हळदूची फळी त्या खाचेत नुसती सरकवली. डिंकाचा थेंब नाही. फळी जागेवर राहावी म्हणून मधोमध एक लाकडी खुंटी, आणि कडांना मोकळी जागा. साताऱ्याच्या हवेला एक सूत पुरलं असतं, इंचाचा आठवा भाग. आप्पांनी दोन सूत ठेवली.

"म्हाबळेश्वरचा पाऊस हाय," ते म्हणाले.

मग पुढचा सबंध पावसाळा टेबल पडवीत, जिथे झड येते तिथे उभं. आप्पा रोज सकाळी आधी माझ्याकडे येऊन आकडा विचारायचे, मग जाऊन टेबलाखाली बघायचे. फळी फुगली, खाचेत सरकली, पण चौकट हलली नाही. दसरा झाल्यावर म्हणाले, "मास्तर, गाडी काढता का?"

"कळवलंय का तिला?"

"न्हाई. नको म्हनली तर?"

टेबल गोधडीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवलं. केळघरचा घाट चढेपर्यंत ते मागे वळून त्याच्यावर हात ठेवून होते. "आवं, म्हशी हाकल्यागत गाडी चालवू नगा," एवढंच अधूनमधून. तिला काय बोलायचं ते त्यांनी मनात जुळवलं असावं, कारण ओठ सारखे हलत होते.

हॉटेलच्या मागे कामगारांच्या चार खोल्या होत्या. पावसासाठी भिंतींना बांधलेल्या गवताच्या झडपा उतरवणं चाललं होतं. शिडीवर शिवानंदच होता. त्याने वरून पाहिलं, झटकन खाली उतरला आणि हातातलं गवत टाकून म्हणाला, "मामा? या की. बसा, बसा." आत कानडीत हाक मारली. वैशाली पिठाचे हात घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली.

जुळवलेलं सगळं आप्पा विसरले. त्यांनी गोधडी सोडली, टेबल तिच्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "काफी टेबल हाय."

वैशाली टेबलाकडे बघत होती. काळी चौकट, पिवळी फळी. तिला ते वाक्य आठवत होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. ती आत निघून जाईल असं मला वाटलं. मग तिने हात पुसले, ओढणी कमरेला खोचली आणि एक गुडघा जमिनीवर टेकला. मान वाकडी केली. बोटाने दोनदा टकटक.

"जागा सोडलीया," ती खालूनच म्हणाली.

"व्हय."

"डिंक?"

"न्हाई. मधी एकच खुंटी हाय."

बराच वेळ ती वर आलीच नाही. आप्पा हात मागे बांधून परीक्षेला बसलेल्या पोरासारखे उभे होते. शिवानंदने माझ्याकडे बघितलं, मी झडपांकडे बघितलं.

"पस्तीस," खालून आवाज आला.

"पास?" आप्पांनी विचारलं.

"पास. पन सा वर्सं उशिरा पेपर दिला, म्हनून जास्त न्हाई."

आप्पा खालीच बसले, तिच्याशेजारी, जमिनीवर. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. तिने फळीच्या कडेवर हात ठेवला होता, त्यांनी त्याच्याजवळ आपला ठेवला.

शिवानंद कॉफी घेऊन आला. वाफाळते चार कप त्याने टेबलावर मांडले, तसेच, खाली काही न ठेवता. मी खिशातला रुमाल काढून आप्पांच्या कपाखाली घालायला वाकलो, तर त्यांनी माझा हात बाजूला केला.

"ऱ्हाऊ द्या मास्तर," ते म्हणाले. "वापरायला केलंय." आणि तोंड वाकडं न करता त्यांनी कॉफीचा पहिला घोट घेतला.