पियानो किती दाती?

आमच्या शेजारचे नाना कुठल्याही वस्तूचं वय तिचे दात बघून सांगतात. माझ्या मोटारसायकलच्या चेनचं चाक चाचपून त्यांनी ती 'जुळलेली' ठरवली. बैलाचे सगळे दात आले की त्याला जुळलेला म्हणतात, त्यापुढे उतारच.

नाना पारोळ्याच्या जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते, मलमपट्टीचं काम. बैलबाजाराच्या दिवशी व्यापारी हातापाया पडायचे, "नाना, एक वरीस कमी सांगा ना!" नाना ढिम्म. "दात खोटं बोलत नहीत, भो," एवढंच म्हणायचे.

आता त्यांच्या हाती पियानो लागलाय. अक्का, म्हणजे नानांची बायको, शाळेत बालवर्गाला शिकवायच्या आणि प्रार्थनेला पियानो वाजवायच्या. शाळेने मोडीत काढलेला पियानो त्यांनी जळगावच्या या दोन खोल्यांत आणून ठेवला. अक्का दोन वर्षांपूर्वी गेल्या. महिनाअखेर मुलगा नानांना पुण्याला नेणार आहे. त्याने फोनवर सांगून टाकलं, "शंभर वर्षांचा असेल तर हॉलमध्ये ठेवू. नाहीतर भंगारात द्या."

तेव्हापासून दर रविवारी नाना पियानोचं वय काढतात आणि मी टॉर्च धरतो. मे महिन्यातलं आमचं ऊन, आणि कूलर पियानोकडे वळवलेला, का तर लाकूड उकलू नये. मला घामोळं उठलं तरी चालतं. नाना पांढऱ्याकाळ्या पट्ट्यांवरून अंगठा फिरवतात आणि हताश होतात. "अठ्ठ्याऐंशी दात! कोनता जनावरले ऱ्हातस?"

चार रविवार असे गेले. पाचव्या रविवारी मी वैतागलो आणि टोकाची एक पट्टीच उपसून काढली. तिच्या कडेला बनवणाऱ्याने पेन्सिलीने सही केली होती, खाली साल. मी हिशोब केला.

"नाना, जेमतेम साठीचा आहे हो. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा."

मला वाटलं, वाद घालतील. त्यांनी पट्टी मुकाट्याने जागेवर बसवली आणि मधल्या पाच पट्ट्या दाखवल्या. तेवढ्याच झिजून खोलगट झाल्या होत्या.

"तिले एकच प्रार्थना येये," नाना म्हणाले. "रोज तीच."

तेवढ्यात मुलाचा फोन आला. मी हळूच म्हटलं, "द्या इकडे, मी सांगतो शंभर. ऑफिसात जन्मभर थापाच मारल्यात." नानांनी हातानेच मला थांबवलं. घसा खाकरला.

"शंभर भरनात, बेटा. दात देखी लिधात मी."

त्यांनी फोन ठेवला. ज्या माणसाने कुणासाठी एका बैलाचं वय फिरवलं नाही, तो पोटच्या पोराशी खोटं बोलला होता.

नाना माझ्याकडे बघत नव्हते. त्या पाच पट्ट्यांवर तळवा ठेवून म्हणाले, "तिना बोटं शेतस आठे, या पट्ट्यासवर. भंगारमा कसा देऊ, भो?"