दस्तगीरमामा भेंडी झाला त्या दिवशी

राजारामपुरीतल्या आमच्या हायस्कुलाचा शिपाई दस्तगीरमामा दर जूनला आठवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसतो. वय अठ्ठावन्न, मिशी पांढरी. बाईंनी "सात पंचे किती?" विचारलं की नवी पोरं माना खाली घालत्यात, आणि मामा हात वर करून ठणकावतो, "बावन्न!"

वर्ग खदाखदा हसतो. मामा म्हणतो, "हसा की. त्याचाच पगार हाय मला." आणि घंटा द्यायला जातो. बाईंनी आधी लई आरडाओरडा केला. आता हजेरी घेताना शेवटी त्याचंबी नाव घेत्यात.

म्हातारा सटकलाय, असं मला वाटायचं. पण मी कोण बोलणारा? दुसरीतनं पळालो तो थेट रिक्षावर बसलो. एकदा बावन्न ऐकून मी खिडकीतनं ओरडलो, "आवं मामा, पंचेचाळीस!" मामानं तिथल्या तिथं मला वर्गाचा मॉनिटर केला.

यंदा शाळेनं नव्या पोरांसाठी स्वागताचा आठवडा काढला. सहा दिवस, सहा सोंगं. बुजलेली पोरं मोकळी व्हावीत म्हणून. रिक्षावाल्यांच्या ग्रुपवर सहा चित्रं आली. खाली अक्षरं हुती, पण मी एक ओळ जुळवतो तवर चहा गार हुतो. मोबाइल उघडल्यावर सगळ्यात खालचं चित्र दिसलं, वांग्याचं. हेच सोमवारचं, असं मी ठरवून टाकलं.

माझ्या रिक्षात प्राजक्ता असती. मुरगूडची पोर, शिकायला उचगावात मावशीकडं आलेली. लई लाजरी. पहिल्याच दिवशी म्हणालेली, "काका, मला एकदा जरी कोण हसलं ना, तर मी परत मुरगूडला. मग शाळाच नको." मी म्हटलं, "मी हाय की!"

सोमवारी माझ्या सांगण्यावरनं मावशीनं जांभळी साडी गुंडाळून, आत उशा भरून असं वांगं केलतं, की रिक्षात कोंबायला आम्हा दोघांना ढकलावं लागलं. फाटकाशी आलो, तर सगळी पोरं पांढऱ्या कपड्यात. भाज्या शनिवारी हुत्या.

"काका..." पोरीचं डोळं भरलं. "रिक्षा फिरवा. एसटी स्टँडला सोडा मला."

मी घाबरून काय करावं? हॉर्न वाजवला. ज्या पोरांनी बघितलं नव्हतं, तीबी वळली.

मामा पळत आला, आत डोकावला. "कुणी केलं हे?"

"मी."

"तुला मॉनिटर केला, चूक माझीच." मग पोरीला म्हणाला, "बाय, दोन मिनिटं बस. उतरू नको."

आत गेला आणि बाहेर आला तो हॉलचा हिरवा पडदा अंगाला आवळून, डोक्यावर तेल ओतायचं नरसाळं. उंच, वाळका माणूस. सरळ मैदानात.

"पोरांनो, मी कोण?"

"भेंडीऽऽ!"

"आज वार कुठला?"

"सोमवार!"

"आयला! मग मी शनिवारचा कसा आलो?"

मैदान लोळायचं बाकी ऱ्हायलं. मामानं रिक्षाजवळ येऊन हात पुढं केला. "ही माझी मैतरीण. मीच बोलावली. भेंडीनं मंडईत एकटंच बसायचं व्हय?"

प्राजक्ता उतरली. एक उशी निसटली, ती पांढऱ्या फ्रॉकातल्या एका पोरीनं उचलली. "कसलं भारी वांगं गं! कुणी केलं?"

"मावशीनं," प्राजक्ता म्हणाली. आणि दोघी आत गेल्या.

पाचला न्यायला गेलो, तर पोरगी उशा काखेत मारून मैतरणीशी बडबडत आली आणि रिक्षात बसली. मामा फाटकात उभा, अजून भेंडीच.

"मामा, आवं दिवसभर हेच?"

"पोरगी एकटी पडली असती की."

"आता सुटली शाळा. काढा."

"क्लार्कनं मागनं गाठी मारल्यात. तो गेला लवकर." मामानं डोक्यावरचं नरसाळं सारखं केलं. "म्हटलं, तू येशील. घरी गेल्यावर सोडणारं कोण हाय?"

दहा वर्सं वळखतोय मी ह्या माणसाला. घरी कोण असतं, कधी इचारलं न्हाय.

मी गाठीला हात घातला, ती आणखी आवळली. प्राजक्तानं उशा माझ्या अंगावर टाकल्या आणि खाली उतरली.

"मामा, वळा तिकडं."

मामा फाटक धरून उभा ऱ्हायला. लई गाठी हुत्या. पोरीनं एकबी घाईनं सोडली न्हाय.