येताना उतार

आमचे शेजारी भगवाननाना यांनी विज्ञानात एक भर घातली आहे. मुंबईहून सिंगापूरला जाताना विमानाला चढ लागतो आणि येताना उतार.

"जाताना पावणेआठ तास, येताना तीन. तिकिटावर छापलंय, सर!" हे ते अंबडच्या बसस्टँडसमोरच्या टपरीवर रोज सांगतात. पुरावा म्हणून सिंगापूरला नोकरीला असलेल्या मुलाचं, संतोषचं, जुनं तिकीट खिशात असतंच. सिंगापूरहून सकाळी आठला सुटतं, मुंबईला अकराला टेकतं. नानांनी एसटीत कंट्रोलर म्हणून उभी हयात काढली. सुटायच्या आणि पोचायच्या वेळेची वजाबाकी त्यांना कोण शिकवणार?

निवृत्तीनंतर सगळं मोजमाप याच मापात. नळाला पाणी तीन तास उशिरा आलं, की "एक सिंगापूर झालं." लग्नात पंगत रेंगाळली, की "अर्धं सिंगापूर होऊन गेलं, अजून वरण न्हाई!"

मी भूगोल शिकवतो. म्हणजे लोकांचा आनंद नकाशा दाखवून घालवायचा परवाना मला सरकारनेच दिला आहे. परवा टपरीवर भर गर्दीत मी तो वापरला.

"नाना, चढ नाही, उतार नाही. त्यांचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. तिथे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेपाचच. येतानाही साडेपाच तास लागतात."

टपरी हसली. चहावाले अन्वरभाई म्हणाले, "क्या नाना, इतके दिवस विमान न्यूट्रलमधी सोडून राह्यले व्हय?" मीही हसलो. जरा जास्तच.

नाना हसले नाहीत. "अडीच तास? बराबर?"

"बिलकुल बराबर."

त्यांनी खिशातून एक घडीचा कागद काढला. एसटीच्या वेळापत्रकासारखा आखलेला. पहाटे पाच, मी. आठ, विमान. अकरा, मुंबई. सहा, अंबड. खाली रेघ ओढून 'दिवस मावळायच्या आत'.

"संतोष येऊन राह्यलाय का?" मी विचारलं.

"यील की. मी गेल्यावर."

तीन वर्षांपूर्वी संतोषची आई, आमच्या काकू, गेल्या तेव्हा संतोष दुसऱ्या दिवशी पोचला, तो थेट राख सावडायलाच. "किती वेळ ठेवायचं? उरकून घेऊ," असं त्या दिवशी अंगणात सगळ्यांत आधी मीच म्हणालो होतो. दुपारी शाळेत परीक्षा होती.

"पेन हाय का, सर?"

मी दिलं. नानांनी 'पाच' खोडून नीट अक्षरात 'अडीच' लिहिलं. "आता मलाच जरा जल्दी करावी लागंल," म्हणाले.

"नाना, आम्ही थांबू की त्याच्यासाठी."

त्यांनी पेनाला टोपण लावून ते माझ्या खिशात अडकवलं.

"ऱ्हाऊ द्या, सर. तुमची शाळा बुडंल."