अप्पांची एक नंबर किडनी

भिंगरीने तपासणीची रिकामी बाटली आजोबांपुढे धरली आणि कुजबुजली, “अप्पा, आज तुझी शू दे ना.”

अप्पा दाढी करत होते. “माझी? कशाला गं?”

“माझ्यात मागच्या वेळी रक्त निघालं. आई ओट्याशी उभी राहून रडली. मी बघितलं.”

अप्पांचा हात थांबला. काही महिन्यांपूर्वी भिंगरीच्या पायांवर जांभळे ठिपके उठले, गुडघे सुजले, पोट दुखलं. आयजीए व्हॅस्क्युलायटिस हे आजाराचं नाव घरात कोणाला धड उच्चारताही येत नसे. ठिपके गेले, पोरगी पुन्हा उड्या मारू लागली, पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, “हा आजार कधीकधी मागाहून गुपचूप किडनीला धरतो. लघवी तपासत राहायची.”

नातीला नाही म्हणणं अप्पांना कधी जमलंच नव्हतं. त्यात जन्मभर लोकांना पोहायला शिकवलेलं, तब्येतीचा भारी अभिमान. “आण इकडे! माझी किडनी एक नंबर आहे,” म्हणत ते बाटली घेऊन आत गेले.

दुपारी दवाखान्यातून फोन आला. सगळं घर धावलं.

“रक्त नाही, प्रथिनं नाहीत,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अप्पांनी हळूच मिशीवर ताव दिला. “पण साखर फार आहे.”

भिंगरीच्या बोटाला सुई टोचली. रक्तातली साखर अगदी व्यवस्थित. बाई आणखीच गंभीर झाल्या. “रक्तात नाही आणि लघवीत आहे? म्हणजे किडनीच साखर गळू देतेय की काय? दाखल करून घेऊ.”

आई मटकन खुर्चीत बसली. बाबांनी रजेसाठी साहेबांना फोन लावला आणि घाईघाईत “साखरेला मुलगी झालीय” असं सांगून ठेवलं. नर्स सलाईनची सुई घेऊन आली. भिंगरीने ओठ घट्ट मिटले. ती गुपित फोडणार नव्हती.

“थांबा!” अप्पा ओरडले. “ती माझी आहे!”

“तुमचीच आहे हो आजोबा, कोण नाही म्हणतंय?” नर्स समजुतीने म्हणाली.

“नात नाही हो! लघवी!”

आईचा आवाज फुटला, “अप्पा!”

भिंगरीची खरी लघवी घेतली गेली. पट्टी बुडवली, रंग जुळवून पाहिले. रक्त नाही, प्रथिनं नाहीत, साखरही नाही. आई हुंदके देऊन रडू लागली.

“चांगली आली तरी रडते,” भिंगरी वैतागून म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिला जवळ घेतलं. “बहुतेक मुलांची किडनी छान बरी होते, बाळा. पण कोणाची बिघडलीच, तर ती वेळेवर कळायला हवी ना? म्हणून बाटलीत तुझीच हवी.” मग त्या वळल्या. “आजोबा, आता तुमचं बोट.”

“माझं? मला काय धाड भरलीय?”

यंत्रावरचा आकडा बघून बाईंनी भुवया उंचावल्या. मधुमेहाची गोळी सुरू झाली, गोड बंद झालं. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणी ठरली. अप्पांचा चेहरा एवढासा झाला.

भिंगरीने त्यांचा हात धरला, त्यांना खाली वाकवलं आणि कानात सांगितलं, “घाबरू नको अप्पा. पुढच्या वेळी माझी देते.”