गढूळपणा मोजणारे बर्वे सर

बर्वे सर पहिल्यांदा आमच्या खोलीवर आले तेव्हा आईने त्यांना काचेच्या ग्लासात पाणी दिलं. सरांनी तो ग्लास दारापाशी नेला, उजेडात धरला आणि एक डोळा मिटून पाहत राहिले. आईचा चेहरा पडला. कॉलेजातले सर येणार म्हणून तिने ग्लास राखेने घासून ठेवला होता.

"पाणी चांगलं दिसतंय, वहिनी," सर म्हणाले. "पण डोळ्यांचं काही खरं नसतं. काट्याचं ऐकावं."

मग घटाघटा पाणी प्यायले आणि पुढे केलेली खुर्ची तशीच सोडून खोलीभर फिरत राहिले.

ही नव्वदच्या आसपासची गोष्ट. सर आम्हाला डोंबिवलीला फिजिक्स शिकवायचे. चहा ते चालता चालता प्यायचे. चुकून बसलेच तर उजवा गुडघा शिलाई मशीनसारखा हलायचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे सगळे प्रोफेसर असेच असतात, असं मी बरेच दिवस धरून चाललो होतो.

त्यांचा काटा म्हणजे मीटरचा काटा. हातभर प्लास्टिकच्या पाइपात त्यांनी एका बाजूला बल्ब बसवला होता, समोर प्रकाश मोजणारा सेल, आणि दोघांपुढे एकेक काच. मधून पाणी वाहायचं. पाणी जितकं गढूळ, तितका उजेड कमी पोचणार आणि काटा खाली येणार. एकदा त्यांनी तो पाइप कँटीनच्या सांबारात बुडवला.

"सर, पास का नापास?" कँटीनवाल्याने विचारलं.

"काटा शून्यावरून हललाच नाही," सर गंभीरपणे म्हणाले. "डाळ भरपूर आहे."

पण पाइप खरा होता तो खाडीसाठी. मोठागावच्या खाडीत मधोमध जाळी बांधायचे खुंट होते. त्यातल्या एका खुंटाला सरांनी पाइप कायमचा बांधून ठेवला होता. दर रविवारी धर्मा नाखवाच्या होडीतून सर आणि मी तिथे जायचो आणि वर आलेल्या वायरी मीटरला जोडायचो. काटा दर वेळी आणखी खाली. हा गाळ तळाशी बसतोय, सर म्हणायचे, थोड्याच वर्षांत ओहोटीला इथून होडी जाणार नाही.

होडी एरवी पलीकडच्या ज्या गावाला जायची, तिथे त्यांची मुलगी सुलू दिलेली होती. दिलेली म्हणजे तिने आपणहून लग्न केलं होतं, आणि सर लग्नाला गेले नव्हते. बायको आधीच वारलेली. मुलगी समोरच्या काठावर आणि सर दर रविवारी खाडीच्या निम्म्यापर्यंत.

"मास्तर, नेऊ का पल्याड?" नाखवा दर वेळी विचारायचा. "तुमची पोर कवा कवा धक्क्याव येऊन उभी र्‍हाते."

"आज नको. आधी रीडिंग."

"पाण्याचा ताप बघताव आनि पोरीचा नाय," नाखवा माझ्याकडे बघून म्हणायचा.

सरांच्या पिशवीत नेहमी एक स्टीलचा डबा असायचा. त्यात त्यांनी स्वतः केलेल्या नारळाच्या वड्या. पाकात थर्मामीटर घालून केलेल्या, तरी कधी दगड, कधी चिखल. परतताना तो डबा आमच्यापुढे यायचा. "खा रे. सुलूला आवडतात," एवढं म्हणून ते दुसरीकडे बघायचे. गाळाने होडीची वाट बंद होईल याची त्यांना धास्ती होती की ते त्याचीच वाट बघत होते, हे मला कधी ठरवता आलं नाही.

एका रविवारी पाइपाची दोरी कुजून सुटली. मी पाइप वर ओढला. आतल्या काचांवर हिरवट, बुळबुळीत थर बसला होता. ओली घाण वस्तू तशीच परत ठेवायची आमच्या घरी पद्धत नाही, म्हणून मी रुमालाचं टोक आत घालून काचा पुसल्या. नाखवाने नवी दोरी दिली. पाइप पुन्हा पाण्यात सोडला आणि मीटर जोडला.

काटा सरळ वर गेला. पहिल्या रविवारी होता तिथपर्यंत.

"सर," मी चाचरत म्हणालो, "म्हणजे... पाणी गढूळ होत नव्हतं का..."

"काच," सर म्हणाले. "काच घाण होत होती. पाणी आहे तसंच आहे."

ते मीटरवर टिचकी मारून बघत राहिले. वायर काढली, परत लावली. काटा तिथेच. नाखवा वल्हं पाण्यात तसंच धरून बसून राहिला.

होडी हलत होती, पण सरांचा गुडघा थांबला होता.

जरा वेळाने मी सवयीने पिशवीतल्या डब्याकडे हात नेला. सरांनी डबा हळूच माझ्या हाताखालून काढून आपल्या मांडीवर घेतला. झाकण उघडून एक वडी बोटाने दाबून पाहिली.

"आज बऱ्या जमल्यात," ते म्हणाले. मग नाखवाकडे न बघता विचारलं, "पलीकडे चिखल फार असतो का रे? चप्पल काढावी लागेल?"